वरची पायरी केव्हा चढावी?

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींनी फोनवर विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मध्येच हे अ‍ॅम्ब्युलन्सचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. ज्या कारणाने हा विषय माझ्या दारात आला, ते आधी सांगतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी विरारला राहते. तिची मुलगी बावीस वर्षांची. बारावीनंतर तिने इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा बेसिक कोर्स केला आणि एका खाजगी अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्युटी धरली. चार-पाच महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "आजोबा, अ‍ॅडव्हान्स्डचा कोर्स आत्ता लगेच करू, की दोन वर्षं गाडीवर काढू?" आई म्हणते लगेच कर, फी वाढायच्या आत. गाडीवरचा सीनियर म्हणतो, दोन वर्षं घाम गाळ, मग बोल. तिला मात्र घाई झाली होती, आणि त्या घाईला कारण होतं. एका रात्री विरार फाट्याच्या अलीकडे मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणाला तिने गाडीत घेतलं. रक्त थांबवलं, ऑक्सिजन लावला. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. रुग्णालय येईपर्यंत तो गेला. तिच्या डोक्यात एकच बसलं : मला पुढचं येत असतं, तर तो वाचला असता.

मी तिला म्हटलं, आठ दिवसांनी ये, विचार करून सांगतो. त्या आठ दिवसांचे चार महिने झाले. (हशा) त्या चार महिन्यांत जे वाचलं आणि जुळवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या विषयात या प्रश्नाचं मूळ फार जुनं आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटीस एक उदाहरण घेतो. समजा एक माणूस आला आणि म्हणाला, मला शरीर तापवता येतं, थंड करता येतं, वांती करवता येते, जुलाब देता येतात, म्हणून मी वैद्य आहे. आपण त्याला विचारू, की हे कोणाला, केव्हा आणि किती करायचं ते तुला ठाऊक आहे का? तो म्हणाला, ते नाही ठाऊक, ते ज्याचं त्याने बघावं. तर त्याला आपण वैद्य म्हणणार नाही, वेडा म्हणू. म्हणजे क्रिया येणं वेगळं आणि 'केव्हा' कळणं वेगळं. रोग्याच्या बाबतीत जे खरं, तेच शिकणाऱ्याच्या बाबतीतही खरं.

आपल्याकडे सुश्रुताने हा प्रश्न अधिक नेमका हाताळला आहे. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायाचं नाव आहे 'विशिखानुप्रवेशनीय'. विशिखा म्हणजे रस्ता, व्यवसायाचा मार्ग. वैद्याने रस्त्यावर केव्हा पाऊल ठेवावं, याचा हा अध्याय. आधी ग्रंथ शिकलेला हवा, मग त्याचा अर्थ घोटलेला हवा, मग दुसऱ्याने केलेलं कर्म पाहिलेलं हवं, मग स्वतः सराव केलेला हवा, मग शास्त्र दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे, आणि या सगळ्यानंतर राजाची परवानगी. पुढे नखं-केस कापलेले असावेत, कपडे पांढरे असावेत, हातात काठी, डोक्यावर छत्री, पायात वहाणा, इथपर्यंत तपशील आहे. आता यातला क्रम बघा. परवानगी सर्वांत शेवटी येते. आपण आज बरोबर उलटं करतो. आधी सर्टिफिकेट, मग बघू.

त्याच्या आधीचा, नववा अध्याय सरावाचा. कापायला शिकायचं तर कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी घ्या. भेद करायला शिकायचं तर पाण्याने भरलेली कातड्याची पिशवी घ्या. शीर टोचायला शिकायचं तर मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. पट्टी बांधायला शिकायचं तर कापडाचा माणूस करा. आज प्रशिक्षण केंद्रात छाती दाबायला जो रबरी पुतळा ठेवतात, त्याचा हा पणजोबा. आणि सुश्रुत सांगतो, की कितीही ग्रंथ वाचलेले असोत, हात बसला नसेल तर तो माणूस कामाला अयोग्य. दुसऱ्या ठिकाणी तो म्हणतो, की नुसतं शास्त्र जाणणारा रोग्यासमोर असा गांगरतो, जसा भित्रा माणूस रणात; आणि नुसता हात चालणारा, शास्त्र नसलेला, तोही धोकादायक. दोघेही एका पंखाचे पक्षी.

म्हणजे दोन पंख हवेत, हे ठरलं. पण पायऱ्या किती असाव्यात आणि एकीवरून दुसरीवर केव्हा जावं? इथे मी तुम्हाला मुंबई इलाख्याच्या इतिहासात नेतो, कारण हा घोळ आपण आधीही घातलेला आहे.

मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. 1851 साली पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात आपले भाऊ दाजी लाड होते. हे पदवीधर. पण पदवीधर मूठभर, आणि गावं हजारो. म्हणून पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून खालच्या पायरीची माणसं तयार झाली : हॉस्पिटल असिस्टंट, पुढे सब-असिस्टंट सर्जन. 1912 साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं आणि त्याची एल.सी.पी.एस. ही पदविका आली. समोर बसलेल्या ज्येष्ठांना आठवेल, लहानपणी डॉक्टरांच्या दारावर अशी पाटी असायची. ताप असो, बाळंतपण असो, नांगराचा फाळ पायात घुसलेला असो, पहिला हात बहुधा यांचाच लागायचा.

मग 1943 साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भोर मूळचे नाशिकचे, जन्म 1878चा. 1946 साली अहवाल आला. त्यातला एक आकडा मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. त्या वेळी देशात नोंदलेले डॉक्टर होते 47,524. त्यांतले पदवीधर 17,654 आणि लायसेन्शिएट, म्हणजे पदविकावाले, 29,870. दर पाचांतले तीन खालच्या पायरीवरचे. समितीने काय सुचवलं? ही पायरीच काढून टाका. देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला 'मूलभूत डॉक्टर' असावा. समितीतल्या काही सदस्यांना हे पटलं नव्हतं. माणसं इतकी कमी असताना ही पायरी निदान काही काळ राहू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. बहुमताचं ऐकलं गेलं.

मी भोर समितीला दोष देत नाही. शहराला पदवीधर आणि खेड्याला पदविकावाला, ही विषमता त्यांना नको होती, आणि तो विचार उदात्त होता. पुढे लायसेन्शिएटांना एम.बी.बी.एस. होण्यासाठी संक्षिप्त अभ्यासक्रमही ठेवले गेले. म्हणजे वर चढायला शिडी दिली. पण एक गोष्ट निसटली. पायरी काढली, तरी त्या पायरीवरची माणसं जे काम करत होती ते काम काही गेलं नाही. रात्री अडीच वाजता, डॉक्टरापासून दोन तासांच्या अंतरावर माणूस कोसळला, तर त्याच्या शेजारी कोण? ही जागा रिकामी राहिली, आणि नंतरची कित्येक दशकं आपण तीच वेगवेगळ्या नावांनी भरायचा प्रयत्न करतो आहोत.

आता थोडं बाहेर बघू, कारण अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या पायऱ्या आपल्याकडे आल्या त्या बाहेरून. अमेरिकेत 1966 साली एक राष्ट्रीय पातळीवरचा अहवाल निघाला : अपघाती मृत्यू आणि अपंगत्व हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग आहे. त्या काळी तिथेही अनेक गावांत शववाहिनीच अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून धावायची. त्याच वर्षी पिट्सबर्गमधले डॉक्टर पीटर साफार यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. साफार म्हणजे तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं, ही जोड ज्यांनी रूढ केली त्यांतले एक. पुढच्याच वर्षी, 1967 साली, त्यांनी शहरातल्या काळ्या वस्तीतले बेकार तरुण निवडले. कित्येकांचं शाळेचं शिक्षणही पुरं नव्हतं. त्यांना सुमारे 300 तासांचं प्रशिक्षण देऊन 'फ्रीडम हाउस' नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी केली. ती अमेरिकेतल्या पहिल्या खऱ्या पॅरामेडिक सेवांपैकी एक मानली जाते. तिच्या शेवटच्या काळात वैद्यकीय संचालक होत्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन. त्यांनी नंतर पॅरामेडिकांसाठी जे पाठ्यपुस्तक लिहिलं, त्याच्या नावात 'रस्त्यावरची तातडीची सेवा' असे शब्द आहेत. सुश्रुताची विशिखा, दुसरं काय!

पण 1975 साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाउस बंद पडलं, आणि ज्यांनी हे काम उभं केलं त्यांतले बरेच जण नव्या परीक्षांच्या आणि नियमांच्या चाळणीत बाहेर फेकले गेले. पायऱ्या माणसाला वर नेतात, तशा त्या कुंपणही होतात. हे ध्यानात ठेवा.

पुढे तिथे पायऱ्या पक्क्या झाल्या : प्रथम प्रतिसाद देणारा, बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड, पॅरामेडिक. सगळ्यांनी गृहीत धरलं, की जितकं वर तितके जीव जास्त वाचणार. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने हे तपासून पाहायचं ठरवलं. सतरा गावा-शहरांत आधी बेसिक सेवा आणि हृदयाला लवकर विजेचा झटका देण्याची सोय चोख केली. मग वरच्या पायरीचं प्रशिक्षण जोडलं : श्वासनळीत नळी घालणं, शिरेतून औषधं देणं. 2004 साली निष्कर्ष छापून आला. हृदय बंद पडलेल्यांत वाचण्याचं प्रमाण आधी 5.0 टक्के, नंतर 5.1. म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. जीव वाचवत होतं ते कोणीतरी पाहिल्याबरोबर छाती दाबणं आणि झटका लवकर मिळणं. हे पहिल्या पायरीचं काम आहे.

पण इथेच थांबून 'बघा, वरचं सगळं थोतांड' म्हणू नका. त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात, दम लागलेल्या रुग्णांत, वरच्या पायरीमुळे मृत्यू कमी झालेले दिसले. म्हणजे 'वर जावं का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या रोग्यासाठी, हे विचारावं लागतं. सॉक्रेटीस पुन्हा दारात उभा : कोणाला, केव्हा, किती?

आता परत महाराष्ट्रात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 ते 1998 या काळात 39 गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. काम होतं नवजात बाळांना वाचवण्याचं. जन्मल्यावर न रडणारं बाळ, जंतुसंसर्गाने मलूल झालेलं बाळ. याहून तातडीची स्थिती कोणती? त्यांनी पायऱ्या कशा लावल्या ते बघा. पहिलं वर्ष या बायकांनी बाळंतपणाला हजर राहायचं, बाळ तपासायचं, वजन घ्यायचं, नोंदी करायच्या. इंजेक्शन नाही. दुसऱ्या वर्षी, ज्या नजरेने वर्षभर बाळं पाहिली, त्याच नजरेच्या भरवशावर जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गुदमरलेल्या बाळाला श्वास देतानाही आधी तोंडाने, मग नळी आणि मास्कने, मग बॅग आणि मास्कने, अशी साधनं बदलत गेली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला : तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू 25.5, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत 59.6. सुरुवातीच्या कलाशी तुलना केली तर 62 टक्क्यांची घट. या बायकांकडे एम.डी. नव्हती. योग्य पायरीवर योग्य वेळ थांबण्याची शिस्त होती.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं, आणि आपल्या कोकणातलं. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरहून एम.बी.बी.एस. होऊन 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं, त्यांत मुलं बरीच, त्यांच्यासमोर मरत होती. घाम, वांत्या, हातपाय गार, आणि मग छातीत पाणी. प्रमाण इतकं, की गंभीर रुग्णांत शंभरातले तीसहून जास्त दगावायचे. पुस्तकात यावर फारसं काही नव्हतं. त्यांनी नोंदी ठेवल्या आणि त्यांना दिसलं, की माणूस मरतो तो हृदयामुळे. पण त्यापुढचं कळायला हृदयाचं शास्त्र कमी पडत होतं. म्हणून ते पुण्याला एम.डी. करायला गेले. आणि, हे महत्त्वाचं, परत त्याच भागात आले. आधी सलाईनमधून रक्तदाब उतरवणारं औषध वापरलं, पण त्याला सतत डोळ्यात तेल घालून बसावं लागे. मग डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या साथीने प्राझोसिनची साधी गोळी वापरली, 1986 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनांवर आलं. विचार करा. माणूस वरची पायरी चढला तो खालच्या पायरीवर अडलेला प्रश्न हातात घेऊन, आणि उतरला तो असं उत्तर घेऊन, की जे खालच्या पायरीवरचा कोणताही डॉक्टर देऊ शकेल. गोळीला आयसीयू लागत नाही.

आज आपल्याकडे काय आहे? 2014 सालच्या जानेवारीत महाराष्ट्रात 108ची सेवा सुरू झाली : 937 गाड्या, त्यांतल्या 704 बेसिक आणि 233 अ‍ॅडव्हान्स्ड. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर टेक्निशियन असतो, आपण गाडीवर डॉक्टर बसवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा झाला. टेक्निशियन मात्र खाजगी गाड्यांवर, रुग्णालयांत, कारखान्यांत काम करत राहिले. 2021च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्यांच्या कामाला देशपातळीवर नियमनाच्या यादीत जागा दिली. म्हणजे सुश्रुताची राजाची परवानगी आत्ता कुठे येते आहे. शिडी अजून बांधली जाते आहे आणि ही मुलं त्याच शिडीवर उभी आहेत.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? सल्ला दिला नाही. दोनशे पानी वही दिली. म्हटलं, प्रत्येक कॉलनंतर एक ओळ लिही, आणि तीन रकाने कर. पहिला : रस्ता किंवा व्यवस्था आड आली. दुसरा : माहीत होतं, पण हात बसला नाही. तिसरा : माहीतच नव्हतं, किंवा करायची परवानगी नव्हती. त्या मोटारसायकलवाल्या तरुणाची ओळ कुठल्या रकान्यात जाते, ते तुझं तू ठरव.

पहिल्याच दिवशी ती चिडली. म्हणाली, "आजोबा, तो तिसऱ्या रकान्यात." महिन्याने तिने ती ओळ स्वतःच खोडली आणि पहिल्या रकान्यात लिहिली. पोटात रक्तस्राव होता, त्याला शस्त्रक्रियेचं टेबल हवं होतं, आणि मध्ये ट्रक होते. नळी घालून ते ट्रक हलले नसते. हे लिहिताना ती रडली, असं तिची आई म्हणाली. मला वाटतं, चार महिन्यांतला तिचा सर्वांत मोठा धडा तोच. अपराधीपणाने चढलेली पायरी पायाखाली टिकत नाही.

दुसऱ्या रकान्याने तिला लाज आणली. मास्क चेहऱ्यावर नीट न बसणं, गडबडीत नाडी न मोजणं, नातेवाइकांना नीट न विचारणं. हे सगळं तिला कोर्समध्ये शिकवलेलं होतं. तिने घरी उशीवर मास्क धरायचा सराव केला. सुश्रुताचा कोहळा म्हणा! हळूहळू तो रकाना रिकामा राहू लागला. आणि तिसऱ्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली : दम लागलेली म्हातारी माणसं, बसूनही श्वास न पुरणारी, ज्यांच्यासाठी ऑक्सिजनपलीकडे काय करायचं ते तिला येत नव्हतं.

मंडळी, मला सापडलेलं उत्तर एवढंच. वर्षं मोजून वर जाऊ नये, फी बघून जाऊ नये, एका रात्रीच्या दुःखाने तर मुळीच जाऊ नये. दुसरा रकाना रिकामा व्हायला लागला आणि तिसऱ्यात तोच तो प्रश्न यायला लागला, की जावं. कोणाला ते सहा महिन्यांत होईल, कोणाला चार वर्षांत. बावस्करांना तिसरा रकाना बिरवाडीत भरलेला दिसला. बंगांनी आरोग्यदूतांचा दुसरा रकाना आधी रिकामा करून घेतला. आणि पहिला रकाना? तो त्या मुलीचा नाही. तो हायवेचा, रुग्णालयांचा, महापालिकेचा आहे, आणि गाडीच्या सायरनला वाट न देणाऱ्या माझा-तुमचाही आहे. तो कितीही कोर्स केले तरी तिच्या पगारातून भरून निघणार नाही.

ती येत्या सत्रात अ‍ॅडव्हान्स्डला जाते आहे. मी तिला एकच अट घातली, की परत वसई-विरारच्या गाडीवरच यायचं. ती म्हणाली, "बघू." (हशा) तेवढं तिला म्हणू द्या.